थरथर कुठे अडकते

१२ फेब्रुवारी

ठके,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी काम. हे फोनवर सांगायला गेले असते तर तू एक बोलली असतीस, मी भलतंच ऐकलं असतं, आणि शेवटी दोघी हवापाण्यावर येऊन थांबलो असतो. माझ्या कानांचं तुला ठाऊक आहेच. म्हणून पत्र.

माझ्या घरात काहीतरी घरघरतं. कानाला नाही, हाताला. जमिनीवर तळवा टेकला की आतून बारीक थरथर लागते, मांजर मांडीवर झोपलं की लागते तशी. तीही सगळीकडे नाही, एकाच जागी. दोन पावलं बाजूला सरकलं की गप्प.

तुझ्या दादाला सांगितलं. झालं! "आईला दारावरची घंटा ऐकू येत नाही आणि जमिनीची घरघर ऐकू येते," म्हणून सूनबाईसमोर हसला. मग हसायचा थांबला, ते जास्त वाईट. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कान गेले की मेंदू मनाने काहीबाही तयार करतो, त्यातून माणूस एकटं राहत असेल तर विचारूच नका. हे सगळं दादाकडे बघून म्हणाले. मी तिथे बसलेली होते, खुर्ची नव्हते.

आता दादाचं एकच पालुपद. हे घर बंद करायचं आणि त्याच्याकडे राहायला जायचं. त्याचं घर चांगलं आहे, सूनही गुणाची आहे, पण तिथे मी पाहुणी. इथे मी सगळी हयात शिवणाचे वर्ग घेतले. तुझे काका गेल्यावरसुद्धा इथे मला कधी परकं वाटलं नाही.

खालच्या बाइंडरने पुस्तकांच्या कडा कापायचं नवीन मशीन आणलंय, ते दादाने बघितलं. वर येऊन कोचावर बसला, जमिनीला हात लावला आणि म्हणाला, "कुठे काय?" जागा कोणती ते मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितली की तिथे उभा राहून नाही म्हणायला मोकळा.

गेल्या खेपेला आलीस तेव्हा जेवताना सांगत होतीस, की वाकड्यातिकड्या वस्तूत लाट शिरली तर ती पसरत नाही, एखाद्या कोपऱ्यात अडकून बसते, आणि ती कुठे अडकेल ते आधीच सांगता यावं म्हणून तुझा अभ्यास चाललाय. मी मान हलवली होती. कळलं काही नव्हतं. आता कळून घ्यायची वेळ आलीय. माझं घर तुझ्या पाहण्यातलं आहे. दोन बिऱ्हाडं जोडून केलेलं, एक भिंत सरळ असेल तर शपथ. मला कुठे लागतं ते तुलाही सांगणार नाही. तू तुझा हिशोब कर आणि जागा सांग. तुझी नि माझी जागा एक निघाली तर दादाच्या तोंडाला कुलूप. नाही निघाली तर मी आपणहून बोचकं बांधीन.

आता आशीर्वाद घे. खात जा वेळेवर.

मावशी

.

२० फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. तू माझ्या भरवशावर घर पणाला लावलंस! प्रयोगशाळेत मी एका पत्र्याशी खेळते गं. पत्र्यावर इकडेतिकडे स्क्रू आवळायचे, खालून त्याला कंप द्यायचा, वर वाळू टाकायची. वाळू कुठे उडेल ते आधी कागदावर सांगायचं. दोनदा सांगितलं, दोनदा ती दुसरीकडेच उडाली. माझ्या मार्गदर्शक बाई फार बोलत नाहीत. चष्मा काढतात आणि पुसत बसतात. एप्रिलमध्ये समितीपुढे उभं राहायचंय आणि दाखवायला माझ्याकडे दोन चुकलेले पत्रे आहेत.

पण तुझं घर हा तसाच मोठा पत्रा आहे, हे खरं. कसं असतं बघ. जमीन सगळीकडे सारखी असती तर बाइंडरच्या मशीनची थरथर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली असती आणि दादालाही लागली असती. तुझ्या घरात भिंती वेड्यावाकड्या टेकलेल्या, म्हणून ती पुढे जाते, आपटते, परतते, स्वतःचाच काटा काढते, आणि एखाद्या ठिकाणी तेवढी उरते. कुठे उरेल ते नुसतं बघून भल्याभल्यांना सांगता येत नाही. त्यावर एक युक्ती आहे. थरथर विसरायची. सगळ्या जमिनीवर सारखं ओझं ठेवलंय असं धरायचं आणि ती कुठे किती खाली वाकते ते काढायचं. जिथे सर्वांत मोठा झोल, तिथे थरथर अडकणार. दोन झोलांच्या मधला उंचवटा म्हणजे तिची वेस, ती ओलांडून ती सहसा जात नाही.

हे मला कळतं असं मला वाटतं. पत्रा चुकला की वाटत नाही.

घराची मापं पाठव. प्रत्येक भिंत कुठून कुठे, किती जाड. आणि तुझी जागा खरंच सांगू नकोस. मला कळली तर माझा हिशोब आपोआप तिकडे झुकेल. माणूस असंच असतं, बाई म्हणतात.

ठकी

.

१ मार्च

ठके,

झोल म्हटल्यावर मला सगळं कळलं, आधीच तसं सांगायचं. कापड टेबलावर कितीही सरळ दिसो, अंगावर चढवल्याशिवाय झोल कुठे पडतो ते कळत नाही. माझ्या विद्यार्थिनींना मी हेच सांगत आले. लाटबिट कशाला मध्ये आणलीस?

सोबत मापं आहेत. टेप माझा शिवणाचाच, म्हणून सगळं इंचात. स्टुलावर चढले नाही, काळजी नको. स्वयंपाकघराची मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा हातभर लांब निघाली. दोनदा मोजली, तिसऱ्यांदा स्वतःवरच संशय आला. इतकी वर्षं मी त्या खोलीत आहे, कधी कळलं नाही. दिवाणखाना तर असा, की त्याचा सदरा शिवायचा झाला तर एक खांदा पैलवानाचा आणि दुसरा मुडदूस झालेल्या पोराचा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरंच वाकडं निघालं.

दादा आला होता. मी गुडघ्यावर बसून भिंत मोजतेय हे त्याने पाहिलं. चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि जाताना म्हणाला, "आई, मार्चअखेरपर्यंत ठरवूया." कप विसळला, ते मला आवडलं नाही. माणसं आजाऱ्याच्या घरी कप विसळतात.

लवकर कर.

मावशी

.

१५ मार्च

मावशी,

जागा निघाली. स्वयंपाकघर, खिडकीखालचा कोपरा, ओट्याच्या डाव्या अंगाला. तुझी ती हातभर लांब भिंत आहे ना, तिच्यामुळेच. झोल तिथे सर्वांत मोठा पडतो, बाकीचे बरेच मागे आहेत. मी तीन वेगवेगळ्या रीतींनी करून पाहिलं.

बाईंनी पहिल्यांदाच चष्मा न काढता ऐकलं. म्हणाल्या, हे खरं निघालं तर पत्रे राहू देत, समितीला हेच दाखव. खरं सांगू? रात्री मला झोप येत नाही. हे चुकलं तर हे काम माझ्या हातचं नाही असंच म्हणावं लागेल. पण तू माझा विचार करू नकोस. काय असेल ते लिही.

ठकी

.

२१ मार्च

ठके,

बरोबर! अगदी तीच जागा. खिडकीखाली, ओट्याच्या डावीकडे. शाबास गं माझी पोर. बाईंना सांग. दादाला मी बोलावलंय, त्यालाही दाखवते.

जास्त लिहीत नाही, हात दुखतो.

मावशी

.

२ एप्रिल

ठकी,

तुला पत्र लिहायची वेळ बहुतेक पहिलीच. फोनवर माझा आवाज चढला असता आणि तुझ्यावर ओरडायचं नाही असं मी ठरवलंय.

आईने बोलावलं म्हणून रविवार सोडून मुद्दाम कामाच्या दिवशी गेलो. खाली बाइंडरचं मशीन चालू होतं, खात्री करून मगच वर चढलो. खिडकीखाली जमिनीवर पाण्याने भरलेलं ताट ठेवलं. मी आणि तुझी वहिनी दोघंही वाकून बघत बसलो. पाणी ढिम्म. तळवा लावला, गाल लावला, काही नाही. आईला म्हटलं, तू लाव हात. तिने लावला आणि म्हणाली, "लागतंय की." ती माझ्याकडे बघत नव्हती, ठकी. लहानपणी मी खोटं बोललो की जसा भिंतीकडे बघायचो तशी ती बघत होती.

तुझ्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. पण तू जागा सांगितलीस आणि आईला तिथे लागायला लागलं. मला यातून एकच कळतं. तिला कोणीही काहीही सांगावं आणि तिला ते लागावं, इथवर ती आता आली आहे. बाबा गेल्यापासून मी हेच व्हायची वाट बघत होतो की काय, असं मला स्वतःलाच वाटतं.

आई काल माझ्याकडे राहायला आली. भांडली नाही. तिने भांडायला हवं होतं.

दादा

.

६ एप्रिल

मावशी,

दादाचं पत्र आलं. माझं डोकं चालेनासं झालंय, म्हणून सरळ विचारते. तुझी जागा स्वयंपाकघरात होती का?

मी समितीचा कागद परत घेतलाय. त्याचं काही नाही. पण तू "बरोबर" असं लिहिलंस आणि मी नाचले, आणि त्या नाचण्यापायी तुझं घर गेलं. हे मी कुणाला सांगू? की खरंच तिथे लागत होतं आणि त्या दिवशी लागलं नाही? तसं असेल तरी सांग. मला काहीही चालेल, फक्त खरं सांग.

ठकी

.

१२ एप्रिल

ठके,

नव्हती.

तू जागा कळवलीस त्या पत्रात तुला झोप येत नाही असं होतं. माझी जागा ती नव्हती. दुसऱ्याच दिवशी तसं लिहायला बसले. मग म्हटलं, एका "हो"ने पोरीला झोप लागत असेल तर माझं काय जातं? दादाला काय, तिथे नेऊन हात लावायला लावू, लागलं तर लागलं. ताटाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तुझ्यासाठी बोलले आणि ते माझ्याच अंगाशी आलं. तुझी चूक नाही. मायेचं खोटं पचतं असं मला वाटायचं.

इथे बरं आहे. खोली मोठी आहे. सून विचारते, आई काही हवंय का, आणि मला काही सुचतच नाही. माझं शिवणयंत्र तिथेच राहिलं.

निघताना खाली बाइंडरला भेटायला गेले. त्याच्या दुकानात मी कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, तो बिचारा वर येऊन पैसे, निरोप देऊन जायचा. आत शिरले ती वाटेतल्या लोखंडी खांबावर आपटले, खांदा अजून दुखतो. म्हणे घरमालकाने मध्ये कधीतरी लावून दिला, तिथलं छत खाली यायला लागलं होतं म्हणून. माझ्या पायाखाली खांब उभा राहिला आणि मला पत्ता नाही! असो. तुला हसायला सांगितलं.

मावशी

.

२४ एप्रिल

दादा,

ओरडायचंच असेल तर हे वाचून झाल्यावर ओरड.

मावशीने सहज लिहिलं, की बाइंडरच्या दुकानात छताला खालून खांब दिलाय. मी बाइंडरला फोन करून तो नेमका कुठे आहे ते विचारलं. तुमच्या स्वयंपाकघराच्या त्या खिडकीखाली. बरोबर तिथे! जमीन जिथे सर्वांत जास्त वाकेल असा माझा हिशोब होता, तिथे ती खरंच वाकत होती, म्हणूनच कुणीतरी तिला टेकू दिला. आणि मी वर बसून विचारते, पाणी का हलत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही पत्र्यावर रोज स्क्रू आवळतो, एका स्क्रूने सगळा खेळ बदलतो हे मला पाठ आहे, पण घराला खालची बाजू असते हे काही सुचलं नाही.

खांब धरून नवा हिशोब केला. आता सर्वांत मोठा झोल दिवाणखान्यात पडतो. पुढच्या दाराच्या मागे, जिथे मावशीचं शिवणयंत्र आहे. यंत्र तिथे असल्यामुळे कुणी तिथे उभं राहत नाही. मावशीची जागा कोणती ते मला अजून माहीत नाही, आणि या वेळी मी तिला विचारणारही नाही, कळवणारही नाही. दुधाने तोंड पोळलंय. यंत्र सरकव, मशीन चालू असताना ताट ठेव, आणि जे दिसेल ते लिही. पाणी हललं नाही तर मी पुन्हा कधी या घराचं नाव काढणार नाही.

ठकी

.

३ मे

ठकी,

पाणी हललं.

आधी वाटलं माझाच पाय लागला. लांब जाऊन उभा राहिलो. तरी ताटात बारीक गोल गोल रेघा उठत होत्या. खाली जाऊन मशीन बंद करायला सांगितलं, वर आलो तर पाणी शांत. परत सुरू करायला लावलं, परत रेघा. असं चारपाच वेळा केलं, शेवटी बाइंडर वैतागला. यंत्राच्या जागेपासून दोन पावलं इकडे आलं की काही नाही. कोचावर बसून मी "कुठे काय" म्हणालो होतो, तो कोच तिथून चार पावलांवर आहे.

संध्याकाळी आईला काही न सांगता गाडीत घातलं आणि घरी आणलं. ताट दाखवलं. मी आईला वेडी ठरवत होतो. डॉक्टरसमोर ठरवत होतो. मी विचारलं, "आई, हीच ना जागा?" ती पाण्याकडे बघत हो म्हणाली.

आता ती तिथेच राहणार. मी तो विषय पुन्हा काढणार नाही. बाइंडर मशीनखाली रबर घालणार आहे. समितीला हे सगळं दाखव, हवं तर मी सही करून देतो.

दादा

.

१० मे

ठके,

घरी आले. पहिले दोन दिवस नुसती खोल्याखोल्यांतून फिरत होते. दादा रोज येतो, कप तसाच ठेवून जातो. मला बरं वाटतं.

आता ऐक, आणि हे दादाला कळवू नकोस. ती जागा ती नाही.

यंत्राच्या जागी थरथरतं ते मला माहीतसुद्धा नव्हतं. दादाचे डोळे भरून आले होते, मी काय म्हणणार होते? पुन्हा एकदा हो म्हणाले. माझी जागा झोपायच्या खोलीत आहे. पलंगाच्या तुझ्या काकांच्या बाजूला, ते उठताना पाय टेकायचे तिथे. ही जागा मी सांगितली असती तर तुम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं असतं, मग माझ्याकडे मायेने बघितलं असतं, आणि विषय संपला असता. म्हणून सांगितली नाही. वाटलं, पोरीला काहीच माहीत नाही, तिच्या हिशोबात हीच जागा निघाली तर थरथरते ती जमीनच आहे, मी नाही.

बाइंडरची सुट्टी असते त्या दिवशीही मला तिथे लागतं. दुकानाला कुलूप, मशीन बंद, रस्ता शांत, आणि माझा तळवा थरथरतो. रबर घातल्यावर काल पुन्हा बघितलं. तसंच.

घर राहिलं, ठके. पण मी ठीक आहे की नाही ते राहूनच गेलं. दादा आता विचारायचा नाही, डॉक्टरकडे न्यायचा नाही, मी बरोबर ठरले ना! तुझ्या हिशोबात त्या जागी काही आहे का? थोडंसं? मी तुला म्हणाले तसं तू मला हो म्हणू नकोस.

मावशी

.

१६ मे

मावशी,

नाही. तिथे काही नाही.

खांब धरून केलं, खांब सोडून केलं, पलंगाचं आणि कपाटाचं वजन घालून केलं. रस्त्यावरची रहदारी धरून केलं. अख्ख्या घरात ती खोली सर्वांत स्थिर आहे. चारी बाजूंनी भिंत जवळ, जमिनीला वाकायला जागाच नाही. काल संध्याकाळी एक पत्र लिहिलं होतं, त्यात तुझी जागा पाचव्या क्रमांकावर आहे असं होतं. ते फाडलं.

मला हे कळत नाही. तुझ्या हाताला काय लागतं ते नसांमुळे असेल, कानांमुळे असेल, काका नाहीत म्हणून असेल. मला जमिनीचं थोडंफार सांगता येतं, तेही तू खालच्या खांबावर आपटल्यावर. बाई खूश आहेत, गेल्या आठवड्यात समितीने पुन्हा ऐकलं, तीही खूश होती. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला तुझा तळवा दिसत होता.

शनिवारी मी येते. फोनवर तुला ऐकू येणार नाही म्हणून हे पत्र आधी. आल्यावर पलंग सरकवू. तू जिथे हात ठेवशील तिथे, तुझ्या हाताशेजारी, मी माझा ठेवीन. मला काही लागलं नाही तर लागलं नाही असंच सांगीन. मग आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ, आणि या वेळी ते तुझ्याकडे बघून बोलतील, मी बोलायला लावीन. दादाला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरव. घर काही कुठे जात नाही, ते मी बघते.

घाबरू नकोस असं लिहिणार होते. पण तू पहिल्या पत्रापासून घाबरलेलीच आहेस आणि मी मात्र मापं मागत बसले. शनिवारपर्यंत त्या बाजूला झोपू नकोस. किंवा झोप. तुला तिथे बरं वाटत असेल तर तिथेच झोप.

ठकी